पेशींतील सूक्ष्मनलिकांचा आरंभ

मनुष्याच्या शरीरांतील प्रत्येक जिवंत पेशीला स्वतःचा असा एक सांगाडा असतो, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. मात्र हा सांगाडा हाडांसारखा टिकाऊ नव्हे. गरज पडेल तसा तो उभारला जातो आणि काम होतांच मोडलाही जातो. त्याचें एक प्रमुख अंग म्हणजे सूक्ष्मनलिका. ह्या नलिका इतक्या बारीक कीं, चाळीस हजार नलिका एकमेकींस खेटून मांडाव्या तेव्हां कोठें एक मिलिमीटर रुंदी भरेल. पेशींतील माल इकडून तिकडे नेण्याचे रस्ते ह्याच. आणि एका पेशीच्या दोन पेशी होतांना गुणसूत्रांची समान वांटणी करितात त्याही ह्याच. ती वांटणी चुकली तर गर्भ बहुधा टिकत नाहीं, आणि टिकला तर व्यंग घेऊन येण्याचा संभव असतो. कर्करोगाच्या पेशींत तर अशी चुकलेली वांटणी वारंवार आढळते. म्हणून नलिकेचा आरंभ कोठें व कसा होतो, हा प्रश्न केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नाहीं.

नलिका ज्या विटांची रचलेली असते, त्या प्रथिनाचें नांव ट्युब्युलिन. आल्फा आणि बीटा अशा दोन भावंडांची जोडी म्हणजे एक वीट. विटेला वीट टोकाशीं जोडली गेली कीं एक सर तयार होतो. आणि असे बहुधा तेरा सर कडेला कड लावून वाटोळे उभे राहिले म्हणजे पोकळ नळी होते. १९७२ सालीं रिचर्ड वायझेनबर्ग ह्या शास्त्रज्ञानें मेंदूच्या अर्कांतील कॅल्शियम बांधून टाकलें, तेव्हां ह्या नलिका शरीराबाहेर, कांचेच्या भांड्यांत आपोआप बनूं लागल्या. अर्क ऊबदार ठेवावा तर नलिका बनतात, थंड करावा तर विरघळून जातात.

परंतु एक गोष्ट लक्षांत आली. द्रावणांत विटा भरपूर असल्या तरी आरंभीं कांहीं वेळ कांहींच घडत नाहीं. नंतर एकाएकीं नलिका वाढीस लागतात. ह्या विलंबाचें कारण असें : दोन-तीन विटा एकत्र आल्या तरी त्यांस परस्परांचा आधार अपुरा पडतो व त्या पुन्हा विलग होतात. पुरेसा मोठा तुकडा जमला म्हणजे मात्र नव्या विटेला खालून आणि बाजूनेंही आधार मिळतो. बुरूड टोपली विणावयास बसतो तेव्हां त्याचें खरें कसब बुडाशींच लागतें. सुट्या कामट्या आपण होऊन एकमेकींस धरून राहात नाहींत. त्या पायाखालीं दाबून धराव्या लागतात. बूड साधलें कीं पुढें हात झरझर चालतो.

आरंभाची ही अडचण पेशीच्या पथ्यावरच पडते. नलिका कोठेंही सहज सुरू होऊं शकल्या असत्या, तर पेशींत सारा गुंताडा माजला असता. आरंभ अवघड असल्यामुळें पेशी तो आपल्याला हव्या त्या जागींच घडवून आणते. अशी एक जागा म्हणजे सेंट्रोसोम. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा बारकाईनें अभ्यास केला होता. विभाजन बिघडलेल्या पेशींतून दुर्धर गांठी उद्भवत असाव्यात, असा तर्क त्यानें १९१४ सालींच मांडला.

मग ह्या जागीं बूड धरून ठेवणारें काय आहे? त्याचें उत्तर मिळालें तें एका बुरशीपासून. १९८९ सालीं ओकले दांपत्यानें अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशींत ट्युब्युलिनचें तिसरें भावंड शोधून काढलें, तेंच गॅमा. तें नलिकेच्या भिंतींत बसत नाहीं, तिच्या बुडाशीं असतें. १९९५ सालीं बेडकाच्या अंड्यांतून गॅमाचें वाटोळें कडें वेगळें काढण्यांत आलें, आणि हेंच नलिकेचें बूड असें दिसून आलें. अतिथंड नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शक चित्रांवरून २०२० सालीं त्याची घडण स्पष्ट झाली. ह्या कड्यांत गॅमाच्या चौदा बैठका असतात. पहिली व शेवटची एकीखालीं एक येत असल्यानें तेरा सरांचा मेळ बसूं शकतो. मात्र रिकामें कडें किंचित् उघडें व वांकडें असतें, आणि म्हणून एकटें तें कामास फारसें राजी नसतें. नलिका सुरू होतांना तें मिटून नीट गोल होतें, असें २०२४ च्या संशोधनांत दिसलें. साहाय्यक प्रथिनें विटा आणून देतात आणि कडें योग्य जागीं बांधून ठेवतात.

सेंट्रोसोम हीच एकमेव जागा आहे असें मात्र नव्हे. वनस्पतींच्या पेशींत तो नसतोच. ऑग्मिन नांवाचें प्रथिन जुन्या नलिकेच्या कुशीवर गॅमाचें कडें नेऊन बसवतें व तेथून नव्या नलिकेची फांदी फुटते. ही गोष्ट २०१३ सालीं बेडकाच्या अंड्यांच्या अर्कांत प्रत्यक्ष पाहण्यांत आली. स्त्रीच्या अंडपेशींतही विभाजनाच्या वेळीं सेंट्रोसोम नसतो; तेथें नलिका गुणसूत्रांच्या आसपास उगवतात. ही मांडणी पुरी होण्यास सुमारें सोळा तास लागतात आणि ती पुष्कळदां डळमळीत असते, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. गर्भपाताच्या कित्येक दुःखद प्रसंगांचें मूळ गुणसूत्रांच्या चुकीच्या वांटणींत असतें, त्याचा कांहीं उलगडा येथें होतो.

ह्या ज्ञानाचा उपयोग औषधांत फार पूर्वींच, नकळत, झालेला आहे. आपल्याकडे परसांत फुलणारी सदाफुली पाहा. जमैका बेटांतून मधुमेहावरील झाडपाला म्हणून तिचीं पानें कॅनडांत गेलीं. तेथें नोबल आणि बिअर ह्यांना त्यांत व्हिन्ब्लास्टिन हें द्रव्य सांपडलें व १९५८ सालीं तें जाहीर झालें. हें द्रव्य नलिका बनूं देत नाहीं, आणि त्यामुळें कर्करोगाच्या पेशींचें विभाजन अडतें. कळलावीच्या कंदांतील कोल्चिसिनही नलिकांची वाढ रोखतें. टॅक्सॉल उलट रीतीनें वागतें : तें भलत्या ठिकाणीं नलिका बनवतें व त्यांना मोडूं देत नाहीं, १९७९ सालीं सुझन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनीं हें दाखवून दिलें. ह्या औषधांनीं अनेकांचे प्राण वांचले. परंतु तीं निरोगी पेशींनाही सोडीत नाहींत. मज्जातंतूंतील नलिकांवर परिणाम झाल्यानें कित्येक रोग्यांच्या हातापायांना बधिरता येते. रोगी पेशींत नलिकांचा आरंभ कोणत्या प्रथिनांच्या आधारें होतो हें नेमकें कळलें, तर कदाचित् केवळ तेवढाच आधार काढून घेणारें औषध सांपडेल. एका क्षुद्र बुरशीच्या अभ्यासानें उघडलेली वाट रोग्याच्या खाटेपर्यंत अशी येऊन पोहोंचते.