परत आलेला अर्ज



१९९० साली जळगावास विद्यापीठ स्थापन झाले आणि जळगाव, धुळे व नंदुरबार येथील महाविद्यालयांचे पुणे विद्यापीठावरील अवलंबन संपले. विद्येचे दार घराजवळ आले. परंतु गरिबाच्या मुलामुलींना त्या दारातून आत नेणारी शिष्यवृत्ती आजही पुष्कळदा एका अक्षरापायी अडकते.

शासनाच्या ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर भरलेला अर्ज प्रथम महाविद्यालय तपासते, नंतर संबंधित खाते. त्रुटी आढळल्यास तो विद्यार्थ्याकडे परत येतो. परत येणे म्हणजे नामंजूर होणे नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. शालांत प्रमाणपत्रावरील नाव व आधारपत्रावरील नाव जुळत नाही, उत्पन्नाचा दाखला भलत्याच वर्षाचा असतो, किंवा बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसते. शेरा वाचावा, तेवढीच चूक सुधारावी व मुदतीच्या आत अर्ज पुन्हा सादर करावा. सुधारून सादर न केलेला अर्ज जागीच पडून राहतो. मूळ दाखल्यातच चूक असेल, तर अर्जात खाडाखोड करून भागत नाही; तहसील कचेरीतून दाखलाच दुरुस्त करून आणावा लागतो.

कपाशी वेचणाऱ्या मातापित्यांना हे कोण सांगणार? फी थकली की प्रथम शिक्षण सुटते ते मुलीचे. म्हणून माझी विनंती एवढीच, की प्रत्येक गावातील शिकलेल्या माणसाने आठवड्यातील एक संध्याकाळ या मुलांच्या अर्जांसाठी द्यावी. सत्काराच्या हारांपेक्षा ही सेवा अधिक मोलाची ठरेल.