परक्या शहरातील सोबती

(व्याख्यानाचा संपादित भाग)



पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणारे प्रा. शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचे रेक्टर होते, तेव्हाचा एक प्रसंग पुण्याच्या शैक्षणिक वर्तुळात सर्वश्रुत आहे. मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून एक विद्यार्थिनी काहीतरी आत देताना त्यांना दिसली. चौकशीअंती कळले ते असे : आत मॉरिशसहून आलेला एक विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि ती त्याला जेवण पोहोचवीत होती. या घटनेने रेक्टरसाहेब अस्वस्थ झाले आणि त्या अस्वस्थतेतून १९७१ साली ‘सिंबायोसिस’चा जन्म झाला. नावही वनस्पतिशास्त्रातलेच. दोन भिन्न जीवांचे सहजीवन, असा त्याचा अर्थ.

विद्यापीठातील देशी आणि परदेशी विद्यार्थ्यांची मैत्री व्हावी म्हणून जे उपक्रम चालतात, त्यांच्या समन्वयकाचे काम वरवर पाहता सोपे वाटते. एका यादीत परदेशी मुले, दुसऱ्या यादीत स्थानिक मुले. जोड्या लावाव्यात, चहापान ठेवावे, छायाचित्र काढावे. वस्तुतः खरे काम छायाचित्रानंतर सुरू होते.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ या वर्षी भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते; त्यांत सर्वाधिक नेपाळचे. ही मुले बहुधा आपापल्या देशबांधवांतच राहतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. स्टीफन बॉकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई येथील परदेशी विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९७७ साली दाखवून दिले, की अशा विद्यार्थ्याची नाती तीन प्रकारची असतात. देशबांधवांत त्याला आपली भाषा आणि आपली चव सापडते. स्थानिकांकडे तो अभ्यासाच्या आणि व्यवहाराच्या गरजेपुरता जातो. इतर परदेशी मुलांबरोबर त्याचा विरंगुळा होतो. तेव्हा पहिले नाते तोडून दुसरे जोडायला जाणे हा अन्याय होय. येमेनचा मुलगा येमेनच्या मुलांबरोबर जेवतो, यात गैर ते काय? परदेशी गेलेली मराठी मुलेही पोह्यांच्या वासाने एकत्र येतातच की!

अडचण दुसऱ्या नात्यात आहे. स्थानिक विद्यार्थी नेहमी देणारा आणि परदेशी विद्यार्थी नेहमी घेणारा, अशी वाटणी झाली की उपकार होतात, मैत्री होत नाही. बँकेत खाते, मोबाईलचे सिमकार्ड, परकीय नागरिक म्हणून करावयाची नोंदणी, भाड्याची खोली, ही कामे मार्गी लागली की जोडी संपते. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली भिन्न समूहांतील पूर्वग्रह कमी होण्यासाठी चार अटी सांगितल्या : समान दर्जा, समान उद्दिष्ट, एकमेकांच्या सहकार्याने केलेले काम आणि संस्थेचे पाठबळ. नुसता शेजार पुरत नाही. दरवर्षीच्या ‘सांस्कृतिक संध्ये’त परदेशी विद्यार्थी पारंपरिक वेशात व्यासपीठावर, तर स्थानिक विद्यार्थी खाली टाळ्या वाजवायला, चारांपैकी पहिली अट तिथेच मोडते. त्यापेक्षा दोघांनी मिळून स्मरणिकेची मुद्रिते तपासलेली बरी.

या संदर्भात एका विद्यार्थ्याचे उदाहरण या सभागृहात विशेष जवळचे वाटेल. १८८८ साली मोहनदास गांधी कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. निघण्यापूर्वी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली होती. लंडनमध्ये आरंभी त्यांनी इंग्रज ‘सभ्य गृहस्थ’ होण्यासाठी नृत्य, व्हायोलिन आणि वक्तृत्वाचे धडे घेतले. हा नाद लवकरच सुटला. प्रतिज्ञेपायी उपासमार सोसत ते शाकाहारी उपाहारगृह शोधत हिंडले आणि त्यातूनच तिथल्या शाकाहारी मंडळाशी जोडले गेले. पुढे बेजवॉटर भागात त्यांनी एक शाकाहारी क्लब काढला. डॉ. जोशिया ओल्डफिल्ड अध्यक्ष, सर एडविन अर्नोल्ड उपाध्यक्ष आणि स्वतः गांधी चिटणीस. क्लब काही महिनेच चालला. पण ज्या नेमामुळे हा तरुण एकाकी पडेल असे वाटत होते, त्याच नेमाने त्याला इंग्रज मित्र मिळवून दिले. इथे कोणी कोणाला मदत करीत नव्हते; सगळेच एका कामाला लागले होते.

म्हणून जोड्या लावताना समन्वयकाने देश किंवा गुण पाहण्यापेक्षा आवड आणि दिनक्रम पाहावा. पहाटे धावणाऱ्याला पहाटे धावणारा द्यावा. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. सोबती म्हणून शहरातली, सफाईदार इंग्रजी बोलणारी मुले निवडली जातात. त्यांना घर असते, जुने मित्र असतात, वेळ नसतो. बीड, नांदेड किंवा लातूरकडून आलेला, स्वतःच शहरात नवखा असलेला विद्यार्थी इंग्रजीत अडखळेल; पण मेसचा कंटाळा, खोलीमालकाचे नियम आणि रविवारची दुपार त्यालाही ठाऊक असते. दोघे अडखळत बोलतात, तेव्हा दर्जा आपोआप समान होतो.

मराठी माणसाच्या एका सवयीचाही इथे उल्लेख करणे प्राप्त आहे. “या ना एकदा घरी!” असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. ऐकणाराही ते निरोपाचे वाक्य समजून सोडून देतो. परदेशी विद्यार्थी मात्र वार आणि वेळ कळण्याची वाट पाहत राहतो. त्यातच आफ्रिकेतून आलेल्या मुलांना खोली नाकारली जाते, रस्त्यात त्यांच्या वर्णावरून शेरे मारले जातात. असे अनुभव आलेल्या विद्यार्थ्याला ते निमंत्रण खोटेच वाटणार. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले, त्या वेळी इथे शिकणाऱ्या अफगाण मुलांना घरची काळजी, व्हिसा आणि पैसा या तिन्ही चिंतांनी एकदम घेरले. कार्यालयातील परिपत्रकांपेक्षा त्या वेळी रात्री फोन उचलणारा वर्गमित्र अधिक उपयोगी होता.

नॉर्वेचे स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ साली अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन अभ्यासकांविषयी लिहिले आहे. तिथे सहा महिन्यांहून कमी किंवा दीड वर्षाहून अधिक काळ राहिलेले चांगले रुळले होते. मधल्या काळातले सर्वांत कष्टी होते. आपले सारे स्वागत मात्र पहिल्या आठवड्यातच आटोपते. गुलाबाचे फूल, नकाशा, शनिवारवाड्याची सहल, आणि मग थेट निरोप समारंभ!

२०२४ साली १३ लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशांत शिकत होते. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरचे कोणी ना कोणी त्यांत असेल. त्याच्या खोलीची घंटा तिथे कोण वाजवते, हा प्रश्न त्यांना नवा नाही.

पुण्यात ही उणीव सर्वाधिक जाणवते ती दिवाळीत. वसतिगृह रिकामे होते, मेसला कुलूप लागते, स्थानिक सोबती गावी जातो आणि परदेशी विद्यार्थी चार-सहा दिवस पाव आणि केळ्यांवर काढतो. समन्वयकाने दसऱ्यापूर्वीच घरांची यादी करावी. यादीत कुटुंबाचा पत्ता, जेवणाची वेळ आणि त्या घरात काय शिजत नाही, एवढे लिहिलेले असावे. कांदा-बटाटा वर्ज्य असलेल्या घरांनी त्यामुळे संकोच करण्याचे कारण नाही. पाहुण्याला आधी सांगितले म्हणजे झाले. जेवणानंतर त्याला ताटे उचलू लागू द्यावे आणि काकूंनी “राहू दे” म्हणू नये.