बेचाळीस नंबरचा सदरा



या व्यासपीठावर पंडितांनी बोलावे असा प्रघात आहे. मी युनियनचा माणूस. माझी शाळा म्हणजे कारखान्याच्या फाटकावरच्या सभा आणि माझे वाचन फावल्या वेळचे. 'पराक्रम' या विषयावर बोला, असे चालकांनी सांगितले, तेव्हा मी सेनापती निवडला नाही. चेंडू खेळून पोट भरणारा एक मजूर निवडला. मजूर हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. पैसे घेऊन खेळणारा खेळाडूही आपल्या अंगमेहनतीवरच जगत असतो. या मजुराचे नाव जॅकी रॉबिन्सन.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्याकडे क्रिकेटचे जे वेड, तेच तिकडे बेसबॉलचे. या खेळाच्या मोठ्या सामन्यांत 1884 नंतर साठ वर्षांहून अधिक काळ एकाही काळ्या माणसाला जागा मिळाली नव्हती. तसा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. मालकांनी आपसांत समजून घेतले होते, एवढेच. लिहिलेला नियम फाडता येतो. न लिहिलेला नियम फाडायचा कसा? काळ्या लोकांनी मग आपले वेगळे संघ काढले, वेगळ्या लीग चालवल्या आणि त्यांत एकाहून एक सरस खेळाडू निपजले.

रॉबिन्सनचा जन्म 31 जानेवारी 1919 रोजी जॉर्जिया राज्यात झाला. घराणे वाट्याने शेती करणाऱ्यांचे. बाप सोडून गेला आणि आईने पाच मुलांना कॅलिफोर्नियातील पासाडेनास नेऊन धुणीभांडी करून वाढवले. थोरला भाऊ मॅक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटरच्या शर्यतीत जेसी ओवेन्सच्या मागे दुसरा आला. रौप्यपदक घेऊन तो गावी परतला आणि गावाने त्याच्या हाती रस्ते झाडण्याचे काम दिले. धाकट्या भावाने हे डोळ्यांनी पाहिले होते.

जॅकी मूळचा सोशिक होता असे मात्र समजू नका. 1944 साली तो लष्करात अधिकारी असताना टेक्सासमधील छावणीच्या बसमध्ये त्याला मागे जाऊन बसण्यास सांगण्यात आले. तो जागचा हलला नाही. त्याच्यावर लष्करी खटला भरला गेला, आणि त्यातून तो निर्दोष सुटला.

ब्रुकलिन डॉजर्स संघाचे चालक ब्रँच रिकी यांनी ऑगस्ट 1945 मध्ये नेमक्या अशाच माणसाला बोलावले. त्यांनी अट घातली ती विचित्र. शिव्या पडतील, अंगावर चेंडू येतील, पण पहिली काही वर्षे उलट हात उचलायचा नाही. संतापी माणसाकडून त्यांनी मौनाचे वचन घेतले. आम्ही फाटकावर उभे असतो तेव्हा मालकाचा माणूस मुद्दाम डिवचतो, आणि आम्ही पोरांना सांगतो, हात खिशात ठेवा. पहिला दगड आपल्याकडून गेला की लढा गेला. हे भेकडाचे मौन नव्हे. ही शिस्त आहे, आणि ती मारामारीहून अवघड आहे.

15 एप्रिल 1947 रोजी पाठीवर 42 नंबर लावून रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानात उतरला. पगार वर्षाला पाच हजार डॉलर. फिलाडेल्फियाच्या संघाचा व्यवस्थापक बेन चॅपमन याने त्याला भर मैदानात अशा शिव्या दिल्या की त्या येथे उच्चारवत नाहीत. त्या शहरातील हॉटेलने सगळ्या संघालाच जागा नाकारली. घरी धमक्यांची पत्रे येत. हे सर्व गिळून त्याने त्या हंगामात आपल्या लीगमध्ये सर्वाधिक, एकोणतीस बेस चोरले आणि उत्कृष्ट नवोदिताचा मान मिळवला. 1949 मध्ये तर तो साऱ्या लीगमधला सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला.

आता मी माझ्या धंद्याच्या गोष्टीकडे येतो. त्याच्याच संघातील काही गोऱ्या खेळाडूंनी, हा आमच्यात नको, असा अर्ज फिरवला होता. केंटकीच्या पी वी रीजने त्यावर सही केली नाही आणि व्यवस्थापक लिओ ड्युरोशर याने रात्री बैठक बोलावून तो अर्ज मोडून काढला. मे महिन्यात बातमी आली की सेंट लुईसचे खेळाडू रॉबिन्सनविरुद्ध संप करणार. लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनी, संप कराल तर निलंबित व्हाल, असे बजावले आणि तो बेत बारगळला.

मंडळी, संप हे आमचे पवित्र हत्यार. ते भाकरीसाठी उपसायचे, शेजारच्या मजुराची भाकरी काढून घेण्यासाठी नव्हे. अमेरिकेला हसण्याचा आपल्याला अधिकार नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त मिळे; पण तेथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता, कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याचा विटाळ होई. 1928 च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. ज्या चळवळीच्या दारात तिचाच भाऊ ताटकळत उभा असतो, ती चळवळ अर्धीच असते.

आणखी एक गोष्ट पोथीवाले सांगत नाहीत. एकट्या रिकींच्या चांगुलपणाने दार उघडले नाही. वेंडेल स्मिथसारखे काळे पत्रकार वर्षानुवर्षे लिहीत होते. 'डेली वर्कर' या कामगारांच्या पत्राने 1936 पासून ही बंदी उठवा म्हणून धोशा लावला होता. 1945 मध्ये न्यूयॉर्क राज्याने नोकरीतील वर्णभेदाविरुद्ध कायदा केला होता. शिवाय काळे प्रेक्षक तिकिटे काढून येतात, हे रिकींना चांगले समजत होते. त्यांनी रॉबिन्सनला ज्या काळ्या संघातून उचलले, त्या संघाला मात्र एक पैसाही दिला नाही. पुढे नामांकित खेळाडू निघून गेले तशा त्या वेगळ्या लीग बुडाल्या. दार उघडले, पण त्याची किंमतही काळ्यांनीच मोजली.

मौनाची मुदत संपल्यावर रॉबिन्सन बोलू लागला, वाद घालू लागला, आणि कालपर्यंत टाळ्या पिटणारे कुरकुरू लागले. गप्प बसणारा वीर सर्वांना आवडतो! 1949 मध्ये सरकारी समितीपुढे त्याला थोर गायक पॉल रोबसन यांच्याविरुद्ध बोलण्यास उभे केले गेले. तो बोलला, पण वर्णद्वेषाचा अन्याय खरा आहे, हेही त्याने तेथेच ठणकावले. पुढे 1972 च्या आत्मचरित्रात त्याने रोबसनविषयी आदर वाढल्याचे मोकळेपणाने लिहिले.

1970 मध्ये कर्ट फ्लड हा काळा खेळाडू, मालकाने मला गुराप्रमाणे विकू नये, म्हणून न्यायालयात गेला. खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला आला नाही. निवृत्त, मधुमेहाने खंगलेला रॉबिन्सन आला. फ्लड 1972 मध्ये खटला हरला. पण 1975 मध्ये लवादाच्या निवाड्याने ते बंधन तुटले. तो दिवस पाहायला रॉबिन्सन नव्हता. 24 ऑक्टोबर 1972 रोजी, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी तो वारला. त्याच्या नऊच दिवस आधी सत्काराला उत्तर देताना त्याने विचारले होते की, संघाचा व्यवस्थापक म्हणून काळा माणूस कधी दिसणार? आभार मानतानाही त्याने मागणी सोडली नाही.

1997 मध्ये 42 हा आकडा सर्व संघांतून सन्मानाने काढून घेण्यात आला. आता दरवर्षी 15 एप्रिलला सारे खेळाडू तोच नंबर घालून खेळतात. चांगले आहे. पण एक दिवस सदरा घालणे सोपे. आपल्याच कारखान्यात कंत्राटी पोरगा वेगळ्या पंगतीला बसून डबा खातो, आपल्याच गल्लीत आडनाव विचारून खोली नाकारली जाते. तेथे पी वी रीजप्रमाणे, मी सही करणार नाही, एवढे म्हणायला पदक लागत नाही, पदवी लागत नाही. रॉबिन्सनचा पराक्रम आपल्या हातून कदाचित होणार नाही. पण रीजएवढे काम तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या आवाक्यातले आहे. ते आपण उद्या सकाळपासून करावे, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.