डिंकाची शीर आणि लाकडी वाडगा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बाळंतिणीला आपण डिंकाचे लाडू करून घालतो; पण झाडाला डिंक येतो तो त्याच्या जखमेतून, हे फारसे कोणी मनात आणत नाही. बाभळीवर कुऱ्हाडीचा घाव बसला, फांदी मोडली, किडीने साल पोखरली, की झाड तिथे डिंक सोडून जखम बुजवते. सालीवर आलेला डिंक आपण काढून घेतो. कधी तो आतच कोंडतो, वरून नवे लाकूड चढते, आणि ओंडक्यात तांबूस-काळी शीर राहून जाते. सुतार असे लाकूड नांगराला घेत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. नांगराला, गाडीच्या चाकाला निर्दोष बाभूळच हवी. मग ओंडका जळणात जातो. त्या जळणातल्या ओंडक्याविषयी मला आज चार शब्द सांगायचे आहेत.

माझे सासर कातारकाम करणारे. लाटणी, रव्या, कुंकवाचे करंडे हा घरचा धंदा. जुन्या खरादाला दोन माणसे लागत. एकाने दोरी ओढायची, म्हणजे लाकूड पुढेमागे फिरे, आणि दुसऱ्याने पटाशी धरायची. दोरी सासूबाईंनी ओढली, त्यांच्यामागे मी. पटाशी बाईच्या हाती द्यायची नाही असे कोणी म्हणत नसे. देत मात्र कोणी नव्हते. पुढे विजेची मोटर आली आणि दोरी गेली. मी म्हटले, आता मला पटाशी द्या. मामंजींनी नाही म्हटले नाही. "चांगले लाकूड नासू नकोस," एवढे म्हणून त्यांनी टाकाऊ ढिगाकडे बोट दाखवले. तेव्हा मी शिकले ती शिरेच्या लाकडावरच, आणि आज माझा हात त्याच लाकडावर जास्त बसलेला आहे.

पहिली गोष्ट, शीर ओळखणे. पाण्याचा थेंब टाकून बोटाने चोळावे. चिकट झाले तर तो डिंक. तो पाण्यात विरघळतो. चिकट न होता तसेच घट्ट राहिले आणि तापवल्यावर वास सुटला, तर ती राळ. डिंकाची शीर मोकळी ठेवलेल्या वाडग्यात ताक ओतले, तर काही दिवसांत तिथे भोक पडेल. शीर बारीक असेल तर चालते. पण गाभ्यातून आरपार गेलेली चीर असली, तर तो तुकडा खुशाल चुलीत घालावा. गाभा वाडग्यात ठेवूच नये. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या अंगाने जास्त आटते आणि गाभ्याकडून सालीकडे कमी. गाभा मध्ये राहिला की त्या ओढाताणीत वाडगा तडकलाच म्हणून समजा.

आणि आपल्या परभणीचा उन्हाळा! वैशाखात ओला ओंडका उघड्यावर ठेवला तर त्याला तडे जायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून कापल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण किंवा शेणाचा जाड लेप द्यावा आणि ओंडका सावलीत ठेवावा. वाडगा दोनदा कातायचा. ओला असताना जाड कातायचा, दहा इंच रुंदीला कड एक इंच. मग भुशाने भरलेल्या पोत्यात तो काही महिने ठेवायचा. तो जरासा लंबगोल होतो, होऊ द्यावा. त्यासाठीच जाडी राखलेली असते. पुरता वाळला की दुसऱ्यांदा कातून गोल आणि पातळ करायचा. घाई करणारीचे हे काम नव्हे.

खरादाशी उभे राहताना पदर कमरेला घट्ट खोचावा, वेणी बांधावी, बांगड्या काढून ठेवाव्यात. याबाबत मी कोणाचे ऐकत नाही. शिरेतला सुटा खडा फिरत्या लाकडातून गोळीसारखा उडतो. म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा आणि सुरुवातीला बाजूला उभे राहावे. नाकावर फडके बांधावे. घर्षणाने डिंक तापून पटाशीला चिकटतो, तो ओल्या फडक्याने जातो. राळेला रॉकेल लागते.

शीर अणकुचीदार हत्याराने खरवडून रिकामी करायची आणि तीत लाखेत भुसा कालवून भरायचा. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुंब या झाडांवरच्या किड्यांची राळच. पळस-बोरी आपल्याकडे काय कमी आहेत? तापलेल्या सळईने ती शिरेत बसवली की तांबड्या लाकडात काळी रेघ उठून दिसते. मात्र लाख उष्णतेने मऊ होते. असा वाडगा कढत आमटीला नाही, डाळी-दाण्यांना, सुपारीला, शिवणाच्या सामानाला ठेवावा. ज्याला लाख भरलेली नाही, त्याला आतून जवसाचे कच्चे तेल चोळावे. ते हवेने सुकते. करडईचेही सुकते, थोडे सावकाश. शेंगदाण्याचे सुकत नाही, खवट होते.

कोकणात सावंतवाडीला लाखेचे काम पिढ्यान्पिढ्या चालते. ते मागे पडू लागले, तेव्हा तिथल्या राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांनी 1970 च्या दशकात शिवरामराजे यांच्याबरोबर कारागिरांना राजवाड्यात जागा दिली, आणि स्वतः शिकायला बसल्या. राजघराण्यातल्या बाईला त्यात कमीपणा वाटला नाही, एवढेच सांगते.

जाता जाता बिवळ्याचेही सांगते. त्याचा तांबडा डिंक रक्तासारखा वाहतो, आणि त्याच्या लाकडी पेल्यात ठेवलेल्या पाण्याला निळसर झाक येते. मधुमेहावर म्हणून ते पितात. पण डॉक्टरांचे औषध सोडून पेल्यावर विसंबू नये.

आता आपल्या बाभळीकडे येते. गेल्या वळवात एका भगिनीच्या बांधावरची बाभूळ पडली, ती तिने मंडळाला दिली. व्यापारी जळणाचा भाव देतो, कारण तिला शीर आहे. कार्यकारिणीने तूर्त ती विकू नये, अशी माझी विनंती आहे. ज्या मुलींना यायचे असेल त्यांनी उद्या दुपारी शेणाची पाटी घेऊन यावे. आधी टोके लिंपू. खरादाचे पुढे बघू.