पानो-बाजू : नृत्यसभेचा पोशाख

नृत्यसभा म्हटली की पॅरिसचा घोळदार झगा डोळ्यांपुढे येतो. परंतु १९ व्या शतकात गोव्यातील सासष्टीच्या ख्रिस्ती घराण्यांत मांडो रंगे, तेव्हा पुरुष युरोपीय कोट घालीत. स्त्रिया मात्र पानो-बाजू परिधान करीत. पानो हे कमरेस गुंडाळावयाचे जरीचे वस्त्र. बाजू हा कशिद्याचा सैल मखमली अंगरखा. खांद्यावर तुवालो, हाती पंखा. ‘बाजू’ हा शब्द मलायीतून आलेला मानतात. समुद्रापलीकडचा हा वेष त्या भगिनींनी आपलासा केला. आज तो बहुधा रंगमंचावरच दिसतो. आमची विनंती एवढीच की, ज्या घरी आजीचा जुना पोशाख पेटीत असेल, तेथे तो नातीस दाखवावा व प्रत्येक वस्त्राचे नाव सांगावे. नाव विसरले की वस्त्राची चिंधी होते.