कायदा बोलतो, समाज साक्ष देतो का?

(एका व्याख्यानमालेत ‘नागरी हक्क आणि आपण’ या विषयावर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



नागरी हक्कांचा विषय निघाला की आपले मन राज्यघटनेकडे धाव घेते. मी मात्र आपल्याला आधी महाडला नेणार आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथील चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हा इतिहास आपण सर्वजण जाणतो. त्या ओंजळीनंतर न्यायालयात काय घडले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत केला होता. सरकारी खर्चाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपले तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. म्हणजे बाबासाहेब तळ्यावर गेले, ते कागदावर मिळालेला हक्क प्रत्यक्षात बजावण्यासाठी. तरीही परिषदेला आलेल्या प्रतिनिधींना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. त्याआधीच काही सवर्ण मंडळींनी महाडच्या न्यायालयात दावा लावला. तळे स्पृश्यांच्या खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. हजारो सत्याग्रही जमले होते. हुकूम मोडावा, असे अनेकांना वाटत होते. बाबासाहेबांनी मात्र न्यायालयाचा मान राखण्याचा निर्णय सभेच्या गळी उतरवला. सत्याग्रहींची मिरवणूक तळ्याला वळसा घालून, पाण्याला हात न लावता परतली. ज्यांना कायद्याने आजवर काहीच दिले नव्हते, त्यांनी कायद्यावर ठेवलेला तो विश्वास होता!

खटला महाडहून ठाण्याला आणि तेथून मुंबई उच्च न्यायालयात गेला. तिन्ही ठिकाणी निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. अखेरचा निकाल १७ मार्च १९३७ चा. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस उरले होते.

मात्र हा विजय कोणत्या आधारावर मिळाला? ही रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून! माणसाला पाण्यापासून दूर ठेवणे अन्यायाचे आहे की नाही, या प्रश्नाचा निर्णय करण्याची वेळच न्यायालयावर आली नाही. उद्या एखाद्या गावात जुनी कागदपत्रे भक्कम निघाली असती, तर? माणसाचा हक्क रूढीच्या वयावर टांगलेला होता, हे या खटल्याने दाखवून दिले.

राज्यघटनेने नेमकी हीच उणीव दूर केली. मूलभूत हक्कांशी विसंगत असा कोणताही कायदा अनुच्छेद १३ नुसार शून्यवत ठरतो आणि ‘कायदा’ या शब्दात तेथे रूढी व परिपाठही अंतर्भूत आहेत. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पुढे १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांविषयीचा कायदा आला. तोच १९७६ पासून ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ या नावाने ओळखला जातो. त्याचे कलम १२ प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध या कायद्याखालील गुन्ह्याचे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले, असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो.

मग अडते कुठे? अडते ते साक्षीदारापाशी. कृत्याचे कारण न्यायालय गृहीत धरील, पण कृत्य घडले हे कोणीतरी उभे राहून सांगावेच लागते. कर्नाटकातील एका गावी नव्या कूपनलिकेवर दलित बांधवांना पाणी भरू दिले नाही. कनिष्ठ न्यायालयाने दिलेली शिक्षा उच्च न्यायालयाने रद्द केली. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांवर विश्वास ठेवून दोषसिद्धी पुन्हा कायम केली. ते साक्षीदार फिरले असते, तर घटनेचे सतरावे अनुच्छेद त्या गावापुरते कागदावरच राहिले असते.

येथे काहीजण विचारतील, की १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा गैरवापर होत नाही काय? हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अटकेवर काही अटी घातल्या. त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती करून त्या दूर केल्या आणि २०२० मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. खोटी फिर्याद निंद्यच आहे. पण खरे डोळ्यांनी पाहून गप्प बसणाऱ्याला तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार किती? जो खऱ्या फिर्यादीच्या पाठीशी उभा राहतो, त्याचाच शब्द खोटीविरुद्ध वजनदार ठरतो.

२०१५ च्या दुरुस्तीने या कायद्यात पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण घातले आहे. धाकदपटशापासून त्यांचे संरक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य ठरले आहे. पण पोलिसाचे संरक्षण खटल्यापुरते असते, शेजाऱ्याचे आयुष्यभराचे. गावाने साक्षीदाराशी बोलणे टाकले, दुकानदाराने त्याला जिन्नस नाकारला, तर त्याच्या ओसरीवर जाऊन बसणारा माणूस लागतो. तो माणूस आपण असावे.

आणि सुरुवात घरापासून व्हावी. घरकामाला येणाऱ्या ताईंचा चहाचा कप आपल्या स्वयंपाकघरात वेगळा ठेवलेला आहे काय? त्या कपापर्यंत न्यायालय क्वचितच पोहोचते. तेथे फिर्यादी नसतो, साक्षीदार नसतो, असते ती फक्त आपली सद्सद्विवेकबुद्धी. घरातील मुले मात्र तो कप रोज पाहत असतात.

महाडच्या त्या लढ्यात अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, सुरेंद्रनाथ टिपणीस हे बाबासाहेबांसोबत होते. स्वतःला तळ्यावर मज्जाव नसतानाही ते दुसऱ्याच्या हक्कासाठी उभे राहिले आणि स्वजनांचा रोष त्यांनी पत्करला. आपल्या गावच्या पाणवठ्यावर, आपल्या वसाहतीत तशी वेळ आली, तर आपण पंचनाम्यावर सही करू का, न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभे राहून पाहिले ते सांगू का, एवढाच प्रश्न प्रत्येकाने आज घरी जाताना सोबत न्यावा.