ध्येयाची मुदत



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय दिला तो ‘ध्येय आणि यश’ असा. विषय ऐकून आम्ही जरा गडबडलो. या विषयावर बोलण्याचा अधिकार यशस्वी माणसाचा. आणि आमच्या नावावर जमा आहे ती एका हायस्कुलातील एकतीस वर्षांची इतिहास-भूगोलाची मास्तरकी. तसे आम्ही बोलूनही दाखविले. तेव्हा चिटणीस म्हणाले, “म्हणूनच तुम्हांला बोलावतो. यशस्वी माणसे आपण दरवर्षी ऐकतोच.” यातला टोमणा आम्ही पोटात घातला आणि होकार दिला.

आपल्या गावच्या वाचनालयाच्या माडीवर जी अभ्यासिका आहे, तिची किल्ली निवृत्तीनंतर आमच्याकडे आली. सकाळी सहाला दार उघडावयाचे आणि रात्री अकराला लावावयाचे, एवढेच आमचे काम. चाळीस खुर्च्या आहेत आणि त्या बाराही महिने भरलेल्या असतात. तेथे बसणारी मुले-मुली स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करतात. कोणी राज्यसेवेचा, कोणी केंद्राचा, कोणी पोलीस भरतीचा. पुण्याला सदाशिव पेठेत अशा अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. आमची आपली त्यांतली एक धाकटी बहीण. आज आम्ही जे बोलणार आहो ते या चाळीस खुर्च्यांविषयी आणि त्या खुर्च्यांच्या पाठीमागे गावोगाव जी घरे उभी आहेत त्यांच्याविषयी.

प्रथम आकडा सांगतो, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ सालच्या नागरी सेवा परीक्षेसाठी सुमारे १० लाख १६ हजार अर्ज आले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेस बसले ते ५ लाख ९२ हजार. आणि अखेरीस निवड झाली १०१६ जणांची. म्हणजे बसणाऱ्या ५८० हून अधिक माणसांमागे एक. आता जो निवडला गेला त्याचा सत्कार होतो, त्याचे भाषण होते, ‘जिद्द सोडू नका’ असे तो सांगतो; आणि ते त्याच्यापुरते खरेही असते. पण उरलेल्या पाचशे ऐंशींनीही जिद्द सोडली नव्हतीच की! त्यांना कोणी व्यासपीठावर बोलावीत नाही, म्हणून जिद्दीचा हिशेब आपल्यापुढे नेहमी एकाच बाजूने येतो.

जिद्द वाईट, असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हटले तर महर्षी कर्वे आम्हांला क्षमा करणार नाहीत. मुरूडचे हे पोरगे सहाव्या इयत्तेची परीक्षा देण्यासाठी सोबत्यांबरोबर पायी साताऱ्याला निघाले. शंभरावर मैल वाट, मध्ये कुंभार्लीचा घाट. आणि एवढे पाय झिजवून पोचल्यावर, ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही. पुढल्या वर्षी ते कोल्हापूरला गेले आणि पास झाले. ही गोष्ट आम्ही वर्गात किती वेळा सांगितली असेल! पण निवृत्त झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, जी शिकविताना आली नव्हती. कर्व्यांना अडविले ते कशाने? दिसणाऱ्या वयाने. वय ही अशी उणीव आहे, की माणूस नुसता स्वस्थ बसला तरी वर्षभरात ती भरून निघते. तेव्हा तेथे पुन्हा जाणे हाच शहाणपणा होता.

आता दुसरा माणूस पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर. यांचे नाव नांगराशी आणि किर्लोस्करवाडीशी जोडलेले आहे. पण वयाच्या सोळाव्या वर्षी, १८८५ साली, हे गृहस्थ बेळगावाकडून मुंबईस गेले ते चित्रकार व्हावयाला. वडिलांना ते पसंत नव्हते, तरी गेले. जे. जे. कलाशाळेत नाव घातले. हाताला वळण उत्तम होते. आणि मग लक्षात आले, की काही रंग यांच्या डोळ्यांना नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकाराला रंग दिसू नयेत! विचार करा, घरच्यांचा विरोध पत्करून आलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. त्या काळी जिद्दीवर व्याख्यान देणारा कोणी भेटता, तर म्हणाला असता, “बाळ, हार मानू नकोस, आणखी दोन वर्षे रंग लावून पाहा.” दोन नव्हे, वीस वर्षे लावले असते तरी डोळा काही बदलणार नव्हता. कर्व्यांची अडचण कालाने सुटणारी होती, लक्ष्मणरावांची सुटणारी नव्हती. वरून पाहता दोघेही ‘नापास’च.

लक्ष्मणरावांनी काय केले? रंग सोडले, रेघ ठेवली. यंत्रांची रेखाचित्रे काढावयास रंग लागत नाहीत. लागतो तो स्थिर हात आणि नेमकी नजर, आणि ती त्यांच्यापाशी होती. ते यांत्रिक आरेखन शिकले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे यंत्रशाळेत फावल्या वेळी हात काळे करून घेतले. पुढे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा ती नोकरीही सोडली आणि बेळगावास भावाबरोबर सायकलींच्या दुकानात लक्ष घातले. दुकानातून कारखाना निघाला. कडबा कापण्याची यंत्रे झाली, लोखंडी नांगर झाला. नांगर झाला, पण गिऱ्हाईक कोठे होते? लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. त्यातून सावरतात न सावरतात तो बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. तेव्हा औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकरांचा निवडुंगांनी आणि सापांनी भरलेला माळ दिला, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. जाता जाता एक गंमत सांगतो. हे राजेसाहेब स्वतः चित्रकार होते. रंगांनी ज्याला दार लावले, त्याला माळ दिला तो एका रंगवाल्याने.

यात ज्या गोष्टीकडे आम्ही तुमचे लक्ष वेधू इच्छितो ती अशी. लक्ष्मणरावांनी चित्रकला सोडली, शिक्षकी सोडली, बेळगाव सोडले; पण रिकाम्या हाताने कोठूनही निघाले नाहीत. आपल्याकडे जुने घर उतरवितात तेव्हा तुळया, खांब, चौकटी जपून बाजूला ठेवतात आणि नव्या घराला लावतात. हे तसेच. आणि नांगराच्या बाबतीत मात्र हाच माणूस दोन वर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहत चिकटून बसला. कारण शेतकऱ्याची समजूत ही डोळ्यासारखी नव्हे. ती बदलू शकते.

येथपर्यंत बोलणे सोपे होते, कारण ते दुसऱ्यांविषयी होते. आता आमचे.

१९७७ साली आम्ही पदवीधर झालो आणि उपजिल्हाधिकारी होण्याच्या इराद्याने पुण्यास खोली घेतली. गावी वडील नव्हते. थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, किराणा दुकान चालवीत. दर महिन्याच्या पाच तारखेस त्यांची साठ रुपयांची मनिऑर्डर येई. कुपनावर एकच ओळ: ‘इकडील काळजी करू नये.’ पहिले तीन प्रयत्न आम्ही मनापासून केले. तिसऱ्या खेपेस मुलाखतीपर्यंत पोचलो आणि तेथून परत आलो. हे तिसरे अपयश घात करून गेले, कारण ते यशाच्या फार जवळचे होते.

त्यानंतरची तीन वर्षे आम्ही अभ्यास केला असे सांगतो. पण येथे खरे बोलावयाचे आहे. आम्ही वेळापत्रके केली. दर पंधरवड्यास नवे. लाल पेन्सिलीने इतिहास, निळ्याने अर्थशास्त्र, रविवारी उजळणी. वेळापत्रक भिंतीला लावले की दोन दिवस असा उत्साह वाटे, की जणू परीक्षाच पास झालो! मग ते तेथेच पिवळे पडे. ध्येय केव्हाच गेले होते. उरली होती ती लाज: आता गावी कोणत्या तोंडाने जावयाचे? परीक्षा देण्यापेक्षा ‘परीक्षा देतो आहे’ असे सांगता येणे आम्हांला अधिक हवे होते. अभ्यासिकेतल्या चाळीस मुलांपैकी कोणाचे असे झाले आहे, हे आम्हांला चेहऱ्यावरून कळते. त्यात आमची हुशारी नाही. तो चेहरा आम्ही तीन वर्षे आरशात पाहिला आहे.

एकदा दादा दुकानाच्या मालासाठी पुण्यास आले आणि रात्री खोलीवर राहिले. भिंतीवरचे वेळापत्रक त्यांनी बराच वेळ पाहिले. सकाळी निघताना एवढेच म्हणाले, “घाई नको करूस. जमेल तसं कर.” ते गेल्यावर उशीखाली वीस रुपये सापडले. त्या दिवशी त्यांनी आम्हांला चार शिव्या दिल्या असत्या, तर फार उपकार झाले असते! पण त्यांनी विचारले नाही, आणि आम्ही सांगितले नाही. सहावा प्रयत्न फसल्यावर आम्ही गावी परतलो. दुकानात शिरलो तर आत ठिकठिकाणी परात, घमेले, बादली मांडलेली. कौले फुटली होती. वहिनींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “चार पावसाळे झाले, भावजी. हे म्हणाले, त्याचं होऊ दे आधी.”

पुढच्याच वर्षी आम्ही बी.एड. होऊन शाळेत लागलो. परीक्षेसाठी वाचलेला इतिहास एकतीस वर्षे पुरला. तुळया कामास आल्या, यात शंका नाही. पण कौलांचे ते चार पावसाळे काही परत आले नाहीत, आणि दादांशी त्या विषयावर बोलणे राहिले ते राहिलेच.

म्हणून आता मुले विचारतात, “सर, आणखी एक वर्ष देऊ का?” तेव्हा आम्ही हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. खरे म्हणजे ही परीक्षा कर्व्यांच्या अडचणीतही बसत नाही आणि लक्ष्मणरावांच्या डोळ्यातही बसत नाही. ५८० मध्ये एक निवडावयाचा, तेथे पुष्कळ लायक माणसे बाहेर राहतात, आणि आपण कोणत्या कारणाने राहिलो हे त्यांना कोणी सांगत नाही. दार बंद आहे की नुसते लोटलेले, हे कळावयास मार्ग नाही. अशा ठिकाणी तारीख अगोदर ठरवावी लागते. निकाल हाती आल्यावर ठरवू म्हटले तर निराशा किंवा आशा, दोघींपैकी एक खोटे बोलतेच. केंद्राच्या परीक्षेत सरकारने खुल्या प्रवर्गास वयाच्या ३२ व्या वर्षापर्यंत सहा वेळा, अशी हद्द घातली आहे. मुले तिच्या नावाने बोटे मोडतात. आम्हांला ती दयाळूपणाची वाटते. मात्र सरकारची मुदत ही शेवटची. घरची मुदत तिच्या आधी यावयास हवी.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. एक मुलगा, नाव सांगत नाही, सात वर्षे राज्यसेवेचा अभ्यास करतो आहे. रात्री दार लावण्याच्या वेळी तो मागे थांबला आणि तोच प्रश्न त्याने विचारला. आम्ही म्हटले, “ही परीक्षा उद्या सरकारने कायमची बंद केली असं समज. तुला वाईट वाटेल, की सुटल्यासारखं वाटेल?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दोन्ही, सर. पण वडील गावात सगळ्यांना सांगून बसलेत.”

आम्ही त्याच्या वडिलांना निरोप धाडला. ते आले, शेतकरी माणूस, पायरीवर चपला काढून आत आले. आम्ही विषय काढताच म्हणाले, “मास्तर, मला तर वर्षापासून वाटतंय की यानं दुसरं काही बघावं. पण मी बोललो तर पोराचं मन मोडायचं, म्हणून गप्प होतो.” मुलगा शेजारीच बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आम्हांला मात्र दादांचे कुपन आठवले. श्रोत्यांत जे आईबाप बसले आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढे विचारून पाहावे. उत्तर काहीही येवो.

त्या रात्री बापलेकांनी वाचनालयाच्या कॅलेंडरावर एका तारखेला खूण केली. त्याच्या पुढच्या पूर्वपरीक्षेची ती तारीख. निकाल कसाही लागला तरी त्यानंतर बसावयाचे नाही, असे दोघांच्या तोंडून ठरले. तोपर्यंत तो सकाळी अभ्यास करतो आणि दुपारी खालच्या खोलीत दहावीच्या मुलांना गणित शिकवितो. त्या मुलांपैकी दोघेजण आज मागच्या रांगेत बसलेले आम्हांला येथून दिसत आहेत.